श्रम आणि व्यायाम

पहाटे साडेपाचच्या सुमारास दिल्लीत दोन प्रकारची माणसे जागी झालेली असतात. लोदी गार्डनमध्ये सय्यद आणि लोदी सुलतानांच्या मकबऱ्यांभोवती पायांत कापडी बूट घातलेली माणसे झपझप चालत असतात. तेथून काही किलोमीटर अंतरावर, जुन्या दिल्लीतील खारी बावलीच्या मसाला बाजारात, हमाल आपल्या हातगाड्या सरळ करीत असतात. थोड्याच वेळात त्यांच्या पाठीवर हळद, मिरची आणि सुक्या मेव्याची पोती चढू लागतात. दोघांनाही घाम येतो, दोघांचाही श्वास वाढतो, दोघांच्याही हृदयाचे ठोके जलद पडू लागतात. एकाला त्याबद्दल डॉक्टर शाबासकी देतात, दुसऱ्याला मजुरी मिळते.

या दुसऱ्या माणसाला कोणी व्यायामाचे महत्त्व सांगू लागले, तर त्याचे उत्तर ठरलेले असते : “दिवसभर पोती वाहतो, मला आणखी व्यायाम कशाला?” घरकाम करणारी स्त्री म्हणते, “सकाळपासून पाय एका जागी ठरत नाहीत.” कार्यालयात बसणारा म्हणतो, “वेळच मिळत नाही.” ही तिन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. तरीही श्रम म्हणजेच व्यायाम, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. कारण ती समजूत सर्वांत महाग पडते ती कष्टकरी माणसालाच.

व्यायामाने शरीरात काय घडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. हृदय हा एक स्नायू आहे. ज्याप्रमाणे दंडाचा स्नायू वापराने बळकट होतो, त्याचप्रमाणे नियमित आणि बेताच्या ताणाने हृदयही बळकट होते. ते एका ठोक्यात पूर्वीपेक्षा अधिक रक्त ढकलू लागते आणि म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. रक्तवाहिन्या लवचीक राहतात. काम करणारा स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतो, आणि इन्शुलिन नीट काम करीत नसले तरी त्याची ही ओढ थांबत नाही. मधुमेह झालेल्या माणसाला डॉक्टर चालायला सांगतात, त्यामागे हे साधे कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचे आढळले. म्हणजे हा सल्ला ज्यांना लागू पडतो, अशांपैकी कोणी ना कोणी जवळजवळ प्रत्येक गल्लीत राहते.

हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी प्रथम दाखवून दिला तो लंडनच्या बसगाड्यांनी. जेरी मॉरिस या वैद्यकाने सुमारे ३१,००० वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष मांडले. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसातून शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. दोघांची वस्ती, पगार आणि राहणी जवळपास सारखी. तरीही वाहकांमध्ये हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा व सौम्य स्वरूपात आढळला. मॉरिस सावध संशोधक होते. पुढे त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी नोकरीला लागतानाच कमरेत अधिक रुंद असल्याचे दिसले. म्हणजे सगळा फरक जिन्याने घडवलेला नव्हता, हेही त्यांनी स्वतःच पुढे आणले. मात्र टपाल वाटणारे आणि टपाल खात्यात बसून काम करणारे यांच्यातही तसाच फरक सापडल्याने मूळ निष्कर्ष टिकून राहिला. स्वतः मॉरिस पोहत, चालत ९९ वर्षे जगले. (दिल्लीच्या बसमधील वाहक बहुधा मागच्या दाराशी एका आसनावर बसून तिकिटे देतो. त्याला लंडनच्या वाहकाचा लाभ मिळण्याचा संभव थोडा.)

यावर कोणी म्हणेल, की वाहकाची ती धावपळ म्हणजे नोकरीतील श्रमच होते. मग श्रमाने आरोग्य लाभते असेच यातून सिद्ध होत नाही काय? प्रश्न रास्त आहे. पण त्या श्रमाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. वाहक जिना चढे, थांबे, पुन्हा उतरे. त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनापलीकडे ओझे नसे आणि थांब्यागणिक त्याला दम घेता येई. हमालाचे तसे नसते. पाठीवर पोते असताना त्याच्या पाठीचे आणि मानेचे स्नायू ताठ आवळलेले राहतात. अशा आवळलेल्या स्नायूंतून रक्त सहज वाहत नाही आणि रक्तदाब चढतो. हे आठ-दहा तास चालते, आठवड्याचे सहा-सात दिवस चालते. थांबावेसे वाटले म्हणून थांबता येत नाही, कारण मजुरी पोत्यांच्या संख्येवर ठरते. उभ्याने बारा तासांची पाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे पाय थकतात, पण हृदयाला चालना मिळत नाही. थकवा येणे आणि व्यायाम होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या सुजलेल्या घोट्यांकडे पाहून कळते.

डेन्मार्कमधील आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी यांनी या विसंगतीचा बराच अभ्यास केला आहे. फावल्या वेळातील हालचाल हृदयाचे रक्षण करते. कामाच्या ठिकाणची जड हालचाल मात्र तसे रक्षण करीत नाही, कधी अपायच करते, असे त्यांना वारंवार दिसून आले. २०१८ मध्ये १७ अभ्यासांतील सुमारे १ लाख ९३ हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. कामात खूप शारीरिक कष्ट असलेल्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका कमी कष्टाच्या कामातील पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळला. सर्व संशोधक याच्याशी सहमत नाहीत. कष्टाची कामे करणारे बहुधा गरीब असतात. त्यांचे अन्न, घर, तंबाखूचे व्यसन आणि उपचारांची वानवा यांचा हा परिणाम असेल, असे काहींचे म्हणणे आहे. ते म्हणणे नाकारता येणार नाही. परंतु ते खरे मानले, तरी पोती वाहून हृदय बळकट होते असा अर्थ त्यातून निघत नाही.

हा विचार अगदी नवा आहे, असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाची व्याख्या केली आहे, ती शरीराला स्थैर्य आणि बल देणारी, मात्रेत करावयाची हालचाल, अशी. त्याच अध्यायात अतिरेकाने होणाऱ्या रोगांची यादी आहे, आणि बळापलीकडे कष्ट करणाऱ्याची तुलना हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाशी केली आहे. सुश्रुताने तर आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम करावा, असे सांगून ठेवले. अर्ध्या शक्तीवर थांबण्याची मुभा हीच खरी मेख आहे. फिरायला निघालेल्या माणसाला दम लागला, तर तो बाकावर टेकतो. हमालाला ती मुभा नसते. व्यायामाची मात्रा करणारा ठरवतो. श्रमाची मात्रा दुसराच कोणी ठरवतो.

म्हणून कष्टकरी माणसाला व्यायामाची गरज नाही असे नसून त्याला निराळ्या व्यायामाची गरज आहे. दिवसभर वाकणाऱ्याने पाठ मागे ताणणारे प्रकार करावेत. एकाच जागी उभे राहणाऱ्याने पोटऱ्या हलवाव्यात, जमेल तेव्हा चार पावले भरभर टाकावीत. शिवणयंत्रावर किंवा संगणकावर झुकून काम करणाऱ्याने खांदे मोकळे करावेत. आणि प्रत्येकाने आठवड्यातून काही वेळ तरी बिनओझ्याचे, हात मोकळे सोडून, स्वतःच्या लयीत चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचविली आहे. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. ही मिनिटे एकदम घालविण्याची गरज नाही. दहा मिनिटेही जमेस धरली जातात. छातीत दुखणे, चक्कर येणे असा त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखविणे इष्ट.

आतापर्यंतचा विचार शरीराचा झाला. परंतु व्यायाम सोडून देणाऱ्या माणसाला प्रथम जाणवते ती मनाची मरगळ. रक्तदाब वाढल्याचे त्याला कळतही नाही. व्यायामाने झोप गाढ लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात नियमित व्यायामाने आराम पडतो, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. (औषध चालू असेल, तर ते मनाने बंद करू नये, हे येथे सांगितलेच पाहिजे.) मोठ्या वयात पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्यांना एका अभ्यासात विशेष रस वाटेल. अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके प्रकार केले. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. नव्या गोष्टी स्मरणात साठविण्याचे काम मुख्यतः तेथे चालते आणि उतारवयात तो आक्रसत जातो. चालणाऱ्यांमध्ये हा भाग वर्षाअखेरीस सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. दुसऱ्या गटात तो घटला होता. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका अभ्यासावरून फार मोठी आशा बांधू नये, हे खरे. पण ‘आता या वयात डोक्यात काही शिरत नाही’ असे म्हणणाऱ्याने संध्याकाळी अर्धा तास चालून पाहायला हरकत नाही.

मनाच्या बाबतीत श्रम आणि व्यायाम यांतील फरक अधिकच ठळक होतो. कामावरून परतणाऱ्या माणसाच्या मनात मुकादमाचे शब्द, चुकलेली बस, उद्याची चिंता असे सगळे असते. व्यायामाची वीस-तीस मिनिटे ही दिवसातील बहुधा एकच वेळ अशी असते, की जेव्हा तो कोणाच्याही हुकमाने हलत नाही. ज्यांचा सगळा दिवस इतरांच्या घड्याळावर चालतो, त्यांना या अर्ध्या तासाचे मोल कार्यालयातील अधिकाऱ्यापेक्षा अधिक वाटले पाहिजे. दुर्दैवाने तो त्यांनाच सर्वांत कमी मिळतो.

तो का मिळत नाही, याचे उत्तर केवळ आळसात शोधणे अन्यायाचे होईल. व्यायामाला जागा लागते. महाराष्ट्रातील जुन्या गावांनी आणि पेठांनी ही गोष्ट ओळखली होती. तालीम ही गावाची असे. तेथे लाल माती, दोन-चार जोड्या, मल्लखांब आणि मारुतीची मूर्ती एवढे साहित्य पुरे होई, आणि गरिबाच्या मुलाला दारातून परत पाठवीत नसत. अशाच मातीत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे, मातीऐवजी मॅटवर खेळून, त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारे ते पहिले. राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २०१० मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात कुस्तीचे सभागृह उभे राहिले, त्याला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. दिल्लीलाही आखाड्यांची परंपरा आहेच. बिर्ला मिलच्या परिसरातील गुरू हनुमान यांच्या आखाड्याने देशाला अनेक मल्ल दिले. पण पदकांसाठी घडणारे मल्ल मोजके, आणि आरोग्यासाठी हलणारी माणसे लाखो. त्या लाखोंसाठी शहरात काय आहे?

उद्याने आहेत, पण ती सर्वत्र सारखी नाहीत. लोदी गार्डन १९३६ मध्ये ‘लेडी विलिंग्डन पार्क’ या नावाने खुले झाले. ते करताना तेथील खैरपूर हे खेडे उठविण्यात आले होते, हे आज तेथे चालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. नवी दिल्लीचा हा भाग आजही हिरवा आणि प्रशस्त आहे. यमुनेपलीकडच्या दाट वस्त्यांत मात्र मुले गल्लीत खेळतात आणि म्हाताऱ्यांना चालण्यासाठी मोटारसायकलींमधून वाट काढावी लागते. व्यायामशाळांची मासिक फी ही अनेकांच्या घरातील दुधाच्या बिलाएवढी किंवा त्याहून अधिक असते.

स्त्रियांची अडचण याहून वेगळी आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते, स्त्रियांत ५७ टक्के. या हिशेबात घरकाम, नोकरीतील हालचाल, येणे-जाणे आणि खेळ असे सगळेच धरले जाते. दिवसभर पाय न ठरणाऱ्या गृहिणींच्या देशात हा आकडा यावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटेल. ओट्यापाशी उभे राहणे, वाकणे, निवडणे यांत थकवा पुष्कळ असतो. हृदयाला गती देणारी हालचाल थोडी असते. पहाट ही व्यायामाची उत्तम वेळ असे पुस्तकात लिहिलेले असते, पण पहाटे डबे करावयाचे असतात, आणि दिल्लीच्या अनेक भागांत तर त्याच वेळी पाणी भरावयाचे असते. संध्याकाळी उद्यानात दिवे नसतील, तर एकटी स्त्री तेथे जात नाही. व्यायामासाठी स्त्रियांना उपदेश करण्यापेक्षा उद्यानातील दिवे दुरुस्त करणे अधिक उपयोगाचे ठरेल, आणि घरातील पुरुषाने एक डबा भरून ठेवणे त्याहूनही.

रस्ता हाच काही तास उद्यान करता येतो, हे दिल्लीच्या शेजारी एकदा दिसून आले. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद ठेवण्याची चाल पडली होती. तिच्यावरून १७ नोव्हेंबर २०१३ रोजी गुडगावमध्ये (आजच्या गुरुग्राममध्ये) ‘राहगिरी’ हा उपक्रम सुरू झाला. रविवारी सकाळी रस्त्याचा एक भाग मोटारींना बंद करण्यात येई आणि तेथे मुले सायकली चालवीत, बाया दोरीवरच्या उड्या मारीत, म्हातारे योगासने करीत. जुलै २०१४ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्येही त्याचे अनुकरण झाले. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही, जमीन घ्यावी लागली नाही. लोखंडी अडथळे, काही पोलीस आणि मोटार घरी ठेवण्याची तयारी एवढेच लागले. त्यांपैकी तिसरी गोष्ट मिळविणे सर्वांत कठीण, हे वेगळे सांगायला नको.

आणि मग येते दिल्लीची हवा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून धूर, धूळ आणि थंडी यांचा जाड पडदा शहरावर उतरतो. विश्रांत अवस्थेत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हेच प्रमाण दहापटींहून अधिक होते. म्हणजे विषारी हवेत धावणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक विष आत घेतो. २०१७ मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन नोव्हेंबरात होऊ नये, अशी विनंती भारतीय वैद्यक संघटनेने केली होती. त्या वर्षी शर्यत झाली; २०१८ मध्ये ती ऑक्टोबरात घेण्यात आली. धावपटूंचे वेळापत्रक असे बदलता येते. हातगाडी ओढणाऱ्याला नोव्हेंबरातही त्याच हवेत, त्याच जोराने श्वास घ्यावा लागतो. त्या दिवसांत त्याच्या फुप्फुसांची काळजी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न अजून कोणत्याही शर्यतीच्या आयोजकांइतक्या तत्परतेने कोणी हाती घेतलेला नाही.

अशा दिवसांत, विशेषतः पहाटे हवा जड असताना, मोकळ्यावर धावणे टाळून घरातच व्यायाम करणे शहाणपणाचे असते. त्यासाठी सूर्यनमस्कारासारखा सोयीचा प्रकार नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर त्याचा ध्यास घेतला. त्यांनी संस्थानातील शाळांत तो सुरू केला, त्यावर पुस्तके लिहिली, आणि स्वतःही नेमाने नमस्कार घातले. राजाला घोडे, तलवारी, कुस्तीचे हौद असे सगळेच साहित्य उपलब्ध होते. तरी त्याने प्रजेसाठी निवडला तो व्यायाम ज्याला एक सतरंजी अंथरण्याइतकी जागा पुरते. दिल्लीतील एका खोलीच्या घरात, रात्रीची अंथरुणे गुंडाळली आणि खाट भिंतीशी उभी केली, की तेवढी जागा निघते. नवख्याने पहिल्या आठवड्यात रोज तीन किंवा चारच नमस्कार घालावेत आणि श्वास नाकातून घेता येईनासा झाला, की थांबावे. पाठीवर दिवसभर ओझे वाहणाऱ्याने ते कामावरून आल्या आल्या घालू नयेत. आधी हातपाय धुवावेत, पाणी प्यावे, पाठ जमिनीला टेकून थोडा वेळ पडून राहावे, आणि मग उठावे.